शोभा सेनला पुरस्कार कोण देणार?

कुठं पूल खचला, कुठं उद्घाटनाच्या आधीच रस्ता उखडला, की दोन दिवसांत ती क्लिप व्हॉट्सअॅपवर हजर होते. रंगमंचावर महाभारत चालू आहे, मंडळी गदा-धनुष्य घेऊन उभी आहेत, आणि द्रौपदीच्या साडीत मेलेला म्युनिसिपल कमिशनर आहे. आमच्या इकडच्या प्रत्येक ग्रुपवर ती येऊन गेली. खाली हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग. हसायलाच पाहिजे, प्रसंगच तसा आहे.

पण 'जाने भी दो यारो'मधलं एक पात्र या हसण्यात हरवून जातं. त्या पात्राबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं, कारण ते माझ्या धंद्यातलं आहे. आणि या सिनेमाला मिळालेल्या, पुढे परत केल्या गेलेल्या पुरस्काराबद्दलही लिहायचं होतं. पोस्ट लांब होणार आहे. चहा घेऊन बसा.

(बाहेरच्या मित्रांसाठी : मी गोरेगावातून लिहितो म्हटलं की लोक फिल्मसिटीची चौकशी करतात. आमचं गोरेगाव गोंदिया जिल्ह्यातलं. इथं धान होतो, तेंदूपत्ता होतो, शूटिंग होत नाही.)

आधी काळ समजून घेऊ. १९८१ साल. सिमेंट तेव्हा सरकारी नियंत्रणात होतं. आजच्यासारखं दुकानात गेलं, पोती उचलली, असं नव्हतं. मुंबईत इमारत उभी करायची तर सिमेंटचा कोटा मंजूर व्हावा लागायचा, आणि कोटा म्हणजेच पैसा. मुख्यमंत्री होते बॅरिस्टर ए. आर. अंतुले. ३१ ऑगस्ट १९८१ ला 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अरुण शौरींचा लेख आला. बिल्डरांनी मुख्यमंत्र्यांशी संबंधित ट्रस्टला देणग्या द्यायच्या आणि त्यांना सिमेंट मिळायचं, असा हा व्यवहार असल्याचं त्यात कागदपत्रांनिशी मांडलं होतं. त्यातल्या एका प्रतिष्ठानाला खुद्द इंदिरा गांधींचं नाव होतं. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांचा निकाल आला. देणगी आणि सिमेंट यांचा संबंध त्यांनी मान्य केला, आणि अंतुल्यांना खुर्ची सोडावी लागली.

एक गोष्ट इथंच सांगून ठेवतो. फौजदारी खटल्यात अंतुले दोषी ठरले नाहीत. खटला वर्षानुवर्षं चालला, १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठानं आपल्याच जुन्या आदेशावर पाणी सोडलं, असं बरंच झालं. आणि आज आमच्या तालुक्यातली म्हातारी माणसं ज्या पैशाची वाट बघत बँकेच्या पायरीवर बसलेली दिसतात, ती संजय गांधी निराधार योजना अंतुल्यांच्याच कारकिर्दीतली. माणूस एका रंगाचा नसतो.

पण मुद्दा त्यांचा नाही. मुद्दा पद्धतीचा आहे. यालाच पुढे 'लॉबिंग' हा गुळगुळीत शब्द आला. अमेरिकेत लॉबिंग करणाऱ्याला नोंदणी करावी लागते, कुणासाठी काम करतो आणि किती पैसे घेतो ते कागदावर द्यावं लागतं. त्यासाठी १९९५ चा कायदा आहे. आपल्याकडे असा कायदा नाही, नोंदवही नाही, म्हणून अधिकृतपणे लॉबिंग करणारा माणूसही नाही. जे आहे ते चहापाणी, देणगी, वाढदिवस, ट्रस्ट, 'साहेबांशी बोलून घेतो'. त्यामुळं आपल्या सिनेमात लॉबिस्ट नावाचं पात्र कधी येत नाही. तो कधी बिल्डर होऊन येतो, कधी साखर कारखान्याचा चेअरमन होऊन.

आणि कधी संपादक होऊन. तिकडे येतोच.

अंतुले गेले त्याच्या पुढच्या वर्षी, १९८३ ला, 'जाने भी दो यारो' आला. सिनेमा अंतुले प्रकरणावर बेतला होता असं मी म्हणत नाही. पण मुंबईतला जो प्रेक्षक थेटरात बसला होता त्यानं हे सगळं पेपरात वाचलेलं होतं, एवढं नक्की. दिग्दर्शक कुंदन शाह, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. पैसे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचे, म्हणजे सरकारचे. खर्च सात लाखांच्या आसपास. आज एवढ्यात तालुक्याच्या ठिकाणी लग्नही नीट होत नाही. नसीरुद्दीन शाहांच्या हातात सिनेमाभर जो कॅमेरा दिसतो तो त्यांचा स्वतःचा होता, आणि शूटिंगच्या गडबडीत तो चोरीला गेला. सरकारी पैशानं भ्रष्टाचारावर सिनेमा काढताना नायकाचा कॅमेरा चोरीला जावा, हे कुणाला लिहून सुचलं नसतं.

कथा थोडक्यात, ज्यांनी फक्त क्लिप पाहिली त्यांच्यासाठी. विनोद आणि सुधीर हे दोन फोटोग्राफर. नवा स्टुडिओ टाकलाय, गिऱ्हाईक नाही. तरनेजा आणि आहुजा हे दोन बिल्डर, दोघंही कमिशनर डिमेलोच्या मागे. डिमेलो जास्त देणाऱ्याकडे झुकतो, त्याचा खून होतो. बागेत काढलेल्या एका फोटोत तो खून या दोघा पोरांना सापडतो. पुढे मेलेल्या कमिशनरच्या नावानं पूल बांधला जातो, पूल कोसळतो, प्रेतासाठी सगळ्यांची पळापळ होते, ती थेट महाभारताच्या रंगमंचावर जाऊन पोचते. आणि शेवटी? सगळे मोठे लोक एका बाजूला बसून मिटवून घेतात, आणि पूल पडल्याचा ठपका त्या दोन पोरांवर येतो. कैद्याच्या कपड्यात ते मुंबईच्या रस्त्यावरून चालत जातात, मागे शाळेत म्हणतात ते आशेचं समूहगीत वाजतं, आणि ते आपल्याकडे बघून गळ्यावरून हात फिरवतात.

तरनेजा झाले पंकज कपूर, आहुजा ओम पुरी, डिमेलो सतीश शाह. हे सगळे लोकांच्या लक्षात आहेत.

लक्षात राहत नाही ती शोभा सेन. 'खबरदार' नावाच्या नियतकालिकाची संपादक. या दोन पोरांना ती काम देते. बिल्डर आणि कमिशनर यांचं साटंलोटं उघडं करायचंय, पुरावे आणा, म्हणते. पोरं जीव धोक्यात घालून पुरावा आणतात. खुनाचाच पुरावा! शोभा सेन तो घेते, आणि छापत नाही. तो घेऊन ती बिल्डरकडे जाते आणि किंमत सांगते.

ही भूमिका कुणी केली? भक्ती बर्वे यांनी. पुलंच्या 'ती फुलराणी'तली मंजुळा. आणि मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचणाऱ्या म्हणूनही महाराष्ट्रानं त्यांना घरात पाहिलं होतं. जिच्या तोंडून आलेली बातमी खरी मानायची सवय लोकांना होती, त्या बाईच्या चेहऱ्यानं विकाऊ संपादक उभी केली! शिवाय भडकपणा कुठंच नाही. शोभा सेन ओरडत नाही, दात विचकत नाही. ती हसरी आहे, नीटनेटकी आहे, पोरांना आपुलकीनं बोलते. गंमत म्हणजे ती खोटं असं फारसं बोलत नाही. फक्त खरं कुणाला विकायचं ते ठरवते. माझ्या मते हे अख्ख्या सिनेमातलं सगळ्यात अवघड काम आहे, डिमेलोच्या प्रेतापेक्षाही. (आणि प्रेताचं काम सोपं नव्हतं, हे सतीश शाहांना बघून कुणीही सांगेल.)

आता पुरस्कार.

३१ वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार, १९८३ च्या सिनेमांसाठी. 'जाने भी दो यारो'ला मिळाला तो दिग्दर्शकाच्या पदार्पणातल्या चित्रपटाचा पुरस्कार. म्हणजे पोरगा हुशार आहे, पुढे काही करेल. बस. त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट अभिनेता कोण, तर ओम पुरी! पण आहुजासाठी नाही. 'अर्धसत्य'मधल्या इन्स्पेक्टर वेलणकरसाठी. 'अर्धसत्य' मोठाच सिनेमा आहे, श्री. दा. पानवलकरांच्या कथेवरचा, तेंडुलकरांनी लिहिलेला, त्याबद्दल एक शब्द वाकडा काढणार नाही. पण बघा, तोच माणूस, तेच वर्ष, तेच शहर, सडलेली व्यवस्था पण तीच. रडवलं तर रजत कमळ, हसवलं तर 'पहिला प्रयत्न'. फिल्मफेअरनं रवी बासवानींना पुरस्कार दिला, तो विनोदी भूमिकेसाठीच्या वेगळ्या खान्यात. विनोदाला आपल्याकडे नेहमीच बाजूची खुर्ची मिळते. पंगतीत बसवतात, पण मुख्य पाटावर नाही.

मराठी माणूस म्हणेल, आमच्याकडे तसं नाही. थोडं खरं आहे. त्याच्या आधीच आपल्याकडे 'सामना' आला होता. तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचा पहिला सिनेमा, रामदास फुटाण्यांची निर्मिती, आणि साखर कारखान्याचा धनी हिंदुराव धोंडे पाटील म्हणून निळूभाऊ. १९७५ ला तो बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. सहकारातल्या साखर लॉबीवर इतकं उघड बोलणारा सिनेमा, आणि तोही साखर ऐन भरात असताना! मारुती कांबळेबद्दलचा तो एक प्रश्न आजही लोक सभेत विचारतात, सिनेमा पाहिलेला नसतानाही. त्यात उपरोध ठासून भरलेला आहे, पण तो कडू आहे. हसू येतं ते घशात अडकतं.

मग १९७९ चा 'सिंहासन', अरुण साधूंच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या दोन कादंबऱ्यांवरचा. त्यात तर आमच्याच धंद्यातला माणूस मध्यभागी आहे. दिगू टिपणीस. पुन्हा निळू फुलेच. सगळ्या लॉब्या त्याच्यासमोर उघड्या पडतात. मुख्यमंत्र्यांचा गट, विरोधी गट, कामगार पुढारी, स्मगलर. तो सगळं बघतो, सगळं कळतं, आणि शेवटी त्याचा तोल जातो. पत्रकारितेच्या डिप्लोमाला असताना मी 'सिंहासन' पहिल्यांदा पाहिला. आम्ही सगळे दिगू टिपणीस व्हायचं म्हणून बाहेर पडलो होतो. 'जाने भी दो यारो' बघून कुणी शोभा सेन व्हायचं ठरवलं नव्हतं. प्रत्यक्षात या धंद्यात वेडा झालेला पत्रकार मला एकही भेटला नाही. दुसऱ्या प्रकारचे भरपूर.

म्हणून मला वाटतं, दिगू टिपणीस हे आमचं स्वतःबद्दलचं स्वप्न आहे. सत्य जाणणारा, सोसणारा, एकटा. शोभा सेन हा आरसा आहे. आणि आरशाला कुणी पुरस्कार देत नाही. या भूमिकेसाठी भक्तीताईंना काही मिळालं नाही. रंगभूमीनं त्यांना भरभरून दिलं, संगीत नाटक अकादमीपर्यंत. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या अपघातात त्या गेल्या. तेव्हाच्या बहुतेक श्रद्धांजल्यांत फुलराणी होती, आणि ते बरोबरच होतं.

शोभा सेन मात्र मेली नाही.

२००९ ची विधानसभा निवडणूक आठवा. पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त लिहिलं की महाराष्ट्रातल्या मोठमोठ्या, एकमेकांच्या स्पर्धक दैनिकांत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाणांचं कौतुक करणारा मजकूर छापून आला, काही ठिकाणी तर शब्दन् शब्द सारखा. 'अशोकपर्व' हे नाव तेव्हा घरोघरी पोचलं. चव्हाणांनी आरोप नाकारले, आणि २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं निवडणूक आयोगाची नोटीस रद्द केली, तेही नोंदवून ठेवतो. पण 'पेड न्यूज' हा शब्द त्यानंतर मराठीत कायमचा बसला. प्रेस कौन्सिलनं दोन सदस्यांची उपसमिती नेमली, परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी. त्यांनी २०१० ला नावानिशी अहवाल दिला. कौन्सिलनं तो पूर्ण बाहेर येऊ दिला नाही, एक सौम्य आवृत्ती दिली. शेवटी माहिती आयोगाच्या आदेशानं तो बाहेर आला. वृत्तपत्रांच्या नीतीसाठी बसवलेल्या संस्थेला वृत्तपत्रांबद्दलचं सत्य दाबावंसं वाटावं! कुंदन शाहांना हा प्रसंग फुकटात मिळाला असता.

त्याच वर्षी राडिया टेप्स. नीरा राडिया, उद्योगपतींसाठी काम करणाऱ्या जनसंपर्क सल्लागार. त्यांची फोनवरची बोलणी 'ओपन' आणि 'आउटलुक'नं छापली, आणि त्यात दिल्लीतले नामांकित पत्रकार मंत्रिमंडळाच्या खातेवाटपाबद्दल बोलताना ऐकू आले. पुढे सीबीआयनं त्यात गुन्हा सापडला नाही म्हणून न्यायालयात सांगितलं. असेल. गुन्हा नसेलही. शोभा सेननं तरी कुठलं कलम मोडलं होतं?

ही झाली मोठ्या शहरांची गोष्ट. आमच्याकडे ते कसं चालतं, सांगू? तालुक्याच्या वार्ताहराला बहुतेक ठिकाणी पगार नसतो. असलाच तर पेट्रोलला पुरेल इतका. त्याचं घर चालतं जाहिरातीच्या कमिशनवर. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, दिवाळी, आणि साहेबांचा वाढदिवस. एका पिशवीत बातमीची वही, दुसऱ्या पिशवीत जाहिरातीचं पावतीबुक. सकाळी ज्या ठेकेदाराच्या नालीच्या कामाचा फोटो काढायचा, संध्याकाळी त्याच्याचकडे शुभेच्छांची पाव पान जाहिरात मागायला जायचं. माझ्या ओळखीच्या एका वार्ताहरानं रस्त्याच्या कामाची बातमी लावली. तिसऱ्या दिवशी त्याला वरून फोन आला. बातमी चुकीची आहे असं कुणी म्हटलं नाही. फक्त एवढंच विचारलं, 'भाऊ, तुझ्या तालुक्याचा टार्गेट काहून कमी झाला?' यात लाच कुठं आहे? कुणी कुणाला पाकीट दिलं नाही. म्हणून म्हणतो, सिनेमातली शोभा सेन निदान स्वतः जाऊन सौदा करत होती. आता सौदा पगाराच्या रचनेतच घालून ठेवलाय.

'देऊळ' आठवतो का? २०११ चा, उमेश कुलकर्णींचा. गावात दत्त दिसल्याची वार्ता, मग देवस्थान, मग बाजार. त्यातही एक वार्ताहर आहे, किशोर कदमांनी केलेला. आमच्यासारखाच. त्या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ विभागून मिळालं, गिरीश कुलकर्णींना अभिनयाचा आणि संवादांचाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे हसवणाऱ्याला मुख्य पाट मिळालाच नाही असं नाही. पण 'देऊळ' बघताना आपण आपल्याच गावाला हसतो. सरपंच, बाया, पोरं, वार्ताहर. गावावर हसणं दिल्लीला परवडतं.

आता जरा सातासमुद्रापार जातो, पण लगेच परत येतो, तेही थेट तेंदूच्या जंगलात.

२००६ मध्ये अमेरिकेत 'थँक यू फॉर स्मोकिंग' नावाचा सिनेमा गाजला. ख्रिस्तोफर बक्ली यांच्या १९९४ च्या कादंबरीवरचा, दिग्दर्शक जेसन राइटमन, त्यांचाही पहिलाच मोठा सिनेमा. नायक तंबाखू कंपन्यांचा लॉबिस्ट. काम एकच : सिगारेटनं कॅन्सर होतो हे 'अजून पुरतं सिद्ध झालेलं नाही' असं हसत हसत सांगत राहायचं. गोल्डन ग्लोबची दोन नामांकनं मिळाली, सर्वोत्कृष्ट विनोदी चित्रपट आणि नायक ॲरन एकहार्ट. दोन्ही हुकली. इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कारांत पटकथेचा मान मात्र मिळाला. गंमत अशी की सिगारेटवरच्या या सिनेमात एकही पात्र पडद्यावर सिगारेट ओढताना दिसत नाही. त्या सिनेमात एक सिनेटर सिगारेटच्या पाकिटावर विषाचं चित्र छापायची मागणी घेऊन उभा असतो, आणि लॉबिस्ट ती उडवून लावतो.

आता आपल्याकडे या. ऑक्टोबर २०१४ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं अधिसूचना काढली की तंबाखूच्या पाकिटावर ८५ टक्के जागेत इशाऱ्याचं चित्र हवं. अंमल १ एप्रिल २०१५ पासून. त्याआधी फेब्रुवारीत आर. आर. आबा गेले, तोंडाच्या कॅन्सरनं. आबा गडचिरोलीचे पालकमंत्री राहिलेले, आमच्या शेजारचे. आबा गेल्याला दीड महिनाही झाला नव्हता, आणि लोकसभेच्या एका समितीनं सांगितलं की थांबा, अजून अभ्यास हवा. समितीचे अध्यक्ष होते अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी. त्यांचं म्हणणं असं की तंबाखूनं कॅन्सर होतो याचे अभ्यास परदेशातले आहेत, भारतातला पुरावा कुठं आहे? समितीतले दुसरे एक सदस्य, अलाहाबादचे खासदार श्यामाचरण गुप्ता, स्वतः बिडी उद्योगातले. तेही म्हणाले की भरपूर ओढूनही कॅन्सर न झालेली माणसं आपण दाखवू शकतो. नियम लांबणीवर पडला. अंमल झाला तो १ एप्रिल २०१६ ला, एक वर्षानं.

हा संवाद कुणी पटकथेत लिहिला असता तर अतिशयोक्ती म्हणून कापला गेला असता.

पण हे लिहिताना मला हसून मोकळं होता येत नाही, कारण मी गोंदिया जिल्ह्यात राहतो. एप्रिल-मे आला की इथं माणसं पहाटेच जंगलात जातात. सत्तर पानांचा पुडा बांधतात, हजार पुड्यांची गोणी होते, त्यावर शाळेची फी, लग्नाचं कर्ज, धानाचं बियाणं. आमच्या जिल्ह्यातलं सगळ्यात वजनदार राजकीय घराणं, मनोहरभाई पटेलांचं, बिडीच्याच व्यवसायातलं. आणि त्यांनीच १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था काढली, जिथं जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतली पहिली पदवी घेतली गेली. आता यावर सिनेमा काढा म्हटलं तर खलनायक कुणाला करायचं?

समितीपुढे हाच मुद्दा मांडला गेला होता, की बिडी वळणाऱ्या बायांच्या पोटाचं काय. प्रश्न खरा आहे. सुपात पत्ता आणि तंबाखू घेऊन ओट्यावर बसलेल्या बाया मी लहानपणापासून बघतो. त्यांची बोटं आणि त्यांचा खोकला, दोन्ही बघतो. फक्त एक विचारतो : त्यांच्या पोटाचा प्रश्न पाकिटावरच्या चित्राच्या वेळीच काहून निघतो? हजार बिड्यांची मजुरी ठरवायची असते तेव्हा ही कळकळ कुठं जाते? लॉबी नेहमी गरिबाच्या तोंडून बोलते. हिंदुराव शेतकऱ्याच्या नावानं बोलायचा, तरनेजा शहराच्या विकासाच्या नावानं बोलायचा, आणि शोभा सेन वाचकांच्या नावानं.

तेच २०१५ साल कुंदन शाहांच्या गोष्टीतलंही शेवटचं पान आहे. जूनमध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संप सुरू झाला, गजेंद्र चौहान यांच्या नेमणुकीविरुद्ध. १३९ दिवस चालला. चौहान कोण? टीव्हीवरच्या महाभारतातले युधिष्ठिर! ज्या संस्थेच्या विद्यार्थ्यानं महाभारताच्या रंगमंचावर प्रेताची द्रौपदी करून दाखवली, त्या संस्थेच्या दारात धर्मराजच उभे राहिले. नोव्हेंबरमध्ये चोवीस चित्रपटकर्मींनी आपले राष्ट्रीय पुरस्कार परत करत असल्याचं जाहीर केलं. त्यात कुंदन शाह होते. त्यांच्याकडे परत करायला एकच होता, तोच, पहिल्या प्रयत्नाचा. आजच्या काळात 'जाने भी दो यारो' काढणं अशक्य आहे, असं ते तेव्हा म्हणाले.

त्यावर 'पुरस्कार वापसी गँग' वगैरे झालं, ते तुम्हाला ठाऊक आहे. मला आत्ताही वाटतं की पुरस्कार परत करून सरकारला काही फरक पडत नाही. पण त्यांच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट होती. सरकारच्याच पैशानं सरकारचीच टिंगल करणारा सिनेमा निघाला, सरकारनंच त्याला पुरस्कार दिला, थेटरात तो फारसा चालला नव्हता तेव्हा दूरदर्शननं तो देशाच्या घराघरात नेला. त्या काळच्या सरकारबद्दल माझं मत फार चांगलं नाही, सिमेंटची गोष्ट वर सांगितलीच. तरीही एवढी फट त्या भिंतीत होती. शाहांनी परत केलं ते पदक म्हणजे त्या फटीचा पुरावा होता.

७ ऑक्टोबर २०१७ ला ते गेले. त्या पुरस्काराला मधल्या काळात इंदिरा गांधींचं नाव लागलं होतं, ते २०२४ मध्ये काढलं. सिमेंटच्या गोष्टीतल्या प्रतिष्ठानाचं नाव आठवा म्हणजे त्यातली गंमत कळेल.

आता एक काम सांगतो. पुढच्या वेळी ती क्लिप आली की हसा, पण मग पूर्ण सिनेमा लावा आणि फक्त भक्ती बर्वेंकडे बघा. पोरांनी पुरावा टेबलावर ठेवल्यावर तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते बघा.

आणि झाडीपट्टीतल्या माझ्या लेखक-नट मित्रांना : दिवाळीनंतर मंडई भरतील, रात्र-रात्र नाटकं होतील. परशुराम खुणेंना २०२३ ला पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळे नाचलो, कारण आपल्या मातीतल्या नटाची दिल्लीनं दखल घेतली होती. आता एक नाटक बिडीवर येऊ द्या. त्यात खासदारांची समिती घ्या, ओट्यावरची बाई घ्या. गावचा वार्ताहर घ्यायला विसरू नका. दोन्ही पिशव्या मी देतो, त्यातली पावतीबुकाची जरा जड आहे.